सावली एकच, वेळा दोन

(बोनकोडे, नवी मुंबई येथे तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे.)



मला दिलेला विषय मोठा आहे: 'आपली नजर रुंद कशी करायची?' मी आलिम नाही, प्राध्यापकही नाही. इंजिनिअरिंगची डिग्री घेतली आणि गेली बारा वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय. त्यामुळे व्याख्या सांगत बसणार नाही. मला एखादी गोष्ट पक्की ठाऊक आहे असं वाटत होतं आणि ती तशी नव्हती, असं माझ्या बाबतीत काही वेळा झालं. तेच सांगतो. त्यातलं एक सांगायला जड जाणार आहे. ते शेवटी.

सुरुवात असरच्या नमाजपासून करतो.

माझं गाव रायगड जिल्ह्यात, म्हसळा तालुक्यात. आम्ही कोकणी मुसलमान, म्हणजे बहुतेक सगळे शाफई. पण 'शाफई' हा शब्द मला अठरा वर्षांचा होईपर्यंत ठाऊक नव्हता, कारण त्याची गरजच पडली नव्हती. फजरला कुनूत पढायचं, आमीन मोठ्यानं म्हणायचं, रुकूला जाताना हात उचलायचे. सगळं गाव असंच करायचं. मला वाटायचं, जगातले सगळे मुसलमान असंच करतात.

बारावीनंतर शिकायला नवी मुंबईत आलो. पहिल्याच आठवड्यात कॉलेजातून परतताना वाटेतल्या एका मशिदीत शिरलो. असरची वेळ झाली होती. आत दोन-तीन माणसं होती. मला वाटलं, जमात होऊन गेली असेल. एकट्यानं नमाज पढलो. सलाम फेरला, तर बाजूला बसलेले एक म्हातारे चाचा हळूच म्हणाले, "बेटा, असर का वक़्त अभी हुआ नहीं है. बाद में दोहरा लेना."

मी त्यांना घड्याळ दाखवलं. त्यांनी मला भिंतीवरचा तक्ता दाखवला. जवळजवळ तासाचा फरक! मला राग आला. मनात म्हटलं, या शहरातल्या लोकांना साधी नमाजची वेळ माहीत नाही. संध्याकाळी गावी नानांना फोन केला. नाना हसले. म्हणाले, "आपण शाफई, ते हनफी. त्यांची असर उशिरा होते. त्यांच्या मशिदीत असशील तेव्हा त्यांच्याबरोबर पढ."

"पण बरोबर कोण?"

"दोघंही."

मी नुकताच इंजिनिअरिंगला लागलेला मुलगा. 'दोघंही' हे मला उत्तर वाटेना. गणितात दोघंही बरोबर नसतात.

पुढे बऱ्याच वर्षांनी एकदा सहज म्हणून मी नमाजच्या वेळा काढणारा छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि तेव्हा हा हिशोब समोर आला. जमिनीत एक काठी उभी करा. भर दुपारी तिची जी थोडी सावली पडते, ती बाजूला ठेवा. त्यानंतर सावली काठीएवढी वाढली, की शाफई, मालिकी आणि हंबली मतानं असर सुरू. ती काठीच्या दुप्पट वाढली, की इमाम अबू हनीफांच्या मतानं असर सुरू. सूर्य तोच, काठी तीच, सूत्रही तेच. सगळ्या प्रोग्रॅममध्ये फक्त एका जागी 1 ऐवजी 2 लिहायचे. तुमच्या मोबाइलमधल्या ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा, असरसाठी दोन पर्याय दिलेले असतील.

त्याहून मजेची गोष्ट मला पुढे वाचताना कळली. इमाम अबू हनीफांचे दोन सगळ्यात मोठे शागिर्द, अबू यूसुफ आणि मुहम्मद अश-शैबानी, या बाबतीत आपल्या उस्तादाशी सहमत नव्हते. त्यांचं मत एक पट सावलीचंच होतं. म्हणजे ज्या मतभेदावरून मी त्या चाचांवर मनातल्या मनात चिडलो होतो, तो हनफी घरातही होताच. आणि त्यापायी कुणी कुणाला घराबाहेर काढलं नव्हतं.

इमाम शाफईंचा प्रवास

आता ज्यांच्या नावानं आम्ही कोकणी लोक शाफई म्हणवतो, त्यांच्याविषयी थोडं. इमाम शाफई 767 साली जन्मले. तरुणपणी मदिनेला जाऊन इमाम मालिक यांच्याकडे शिकले. नंतर बगदादला गेले आणि तिथं कुणाकडे शिकले? त्याच मुहम्मद अश-शैबानींकडे, अबू हनीफांच्या शागिर्दाकडे. एका परंपरेत तयार झालेला माणूस दुसऱ्या परंपरेच्या दारात जाऊन बसला. त्यांच्याशी वाद घातले आणि त्यांच्याकडून शिकलाही.

आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत ते इजिप्तला गेले. तिथं त्यांनी आपली कितीतरी जुनी मतं बदलली. 820 साली तिथंच वारले. शाफई फिकहच्या किताबांत आजही त्यांची दोन मतं वेगवेगळी नोंदलेली असतात: 'कदीम' म्हणजे इराकमधलं जुनं मत आणि 'जदीद' म्हणजे इजिप्तमधलं नवं. जुनं मत खोडून, लपवून टाकलेलं नाही. इमामांनी मत बदललं हे शागिर्दांनी जपून लिहून ठेवलं आणि बाराशे वर्षं शिकवलं.

आपल्याकडे कुणी मत बदललं, तर आपण म्हणतो, "पलटला." व्हॉट्सॲप ग्रुपवर तर चार वर्षांपूर्वीचा स्क्रीनशॉट काढून तोंडावर मारतो. सॉफ्टवेअरमध्ये मात्र नव्या आवृत्तीत जुनी चूक दुरुस्त केली नसेल, तर लोक शिव्या घालतात. माणसाकडून आपली अपेक्षा नेमकी उलटी का असावी?

सूरह अल-हुजुरातची तेरावी आयत तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. माणसांची वेगवेगळी कुळं, वेगवेगळे समूह का केले, तर एकमेकांना ओळखावं म्हणून, असं तिथं सांगितलंय. मी हे लहानपणापासून ऐकत आलोय. पण ओळखणं म्हणजे काय, हे मला किताबातून नाही, बोनकोड्यात कळलं.

अनधिकृत की गरजेपोटी?

नोकरी लागल्यावर मी घर शोधायला लागलो. तुमच्यापैकी ज्यांनी या शहरात भाड्यानं घर शोधलंय, त्यांना पुढचं सांगायला नको. एजंट फोनवर गोड बोलायचा, नाव विचारायचा आणि मग फ्लॅट नुकताच गेलेला असायचा. सात फ्लॅट असे 'नुकतेच गेले'. शेवटी बोनकोडे गावात एका आगरी काकांनी खोली दिली. नाव विचारलं, नोकरी विचारली, डिपॉझिट घेतलं आणि चावी दिली. एवढंच.

पण खरं सांगतो, त्या घराविषयी माझ्या मनात अढी होती. मी प्लॅनिंग वगैरे मानणारा इंजिनिअर. सिडकोची नवी मुंबई म्हणजे आखीव शहर, सेक्टर, रुंद रस्ते. आणि गावठाणात शिरलं की गल्लीला गल्ली चिकटलेली, इमारतीला इमारत टेकलेली, खिडकी उघडली की शेजाऱ्याचं स्वयंपाकघर. पेपरात या बांधकामांना एकच शब्द असायचा: अनधिकृत. मीही तोच शब्द वापरायचो. ऑफिसात म्हणायचो, "राहतोय सध्या तिकडे गावात, अनधिकृत बिल्डिंगमध्ये."

एकदा भाडं द्यायला गेलो असताना तो शब्द काकांसमोर तोंडातून गेला. काका रागावले नाहीत. म्हणाले, "बस." काकींनी चहा ठेवला. मग काका तासभर बोलत होते.

1970 साली सिडको स्थापन झाली. नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. भातशेती गेली, मिठागरं गेली, खाडीतल्या मासेमारीचं पाणी खराब झालं. मोबदला किती मिळाला, हे सांगताना काका नुसते हसले. 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उरणजवळ जासईला रस्त्यावर उतरले. 16 आणि 17 तारखेला गोळीबार झाला. पाच जणांचे जीव गेले. त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. ते भूखंड पदरात पडेपर्यंत कुणाकुणाची एक पिढी गेली.

काका म्हणाले, "शेत गेलं, म्हणून पोरं व्हायची थांबली काय? तीन भाऊ होतो, आता अकरा पोरं. गावठाण तेवढंच. मंग आम्ही र्‍हायचं कुठं? आम्ही याला अनधिकृत नाय म्हणत. गरजेपोटी म्हणतो."

गरजेपोटी. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. नंतर कळलं की या गावांमध्ये सगळेच 'गरजेपोटी बांधलेली घरं' असं म्हणतात आणि निवेदनांत, मागण्यांत हाच शब्द असतो. इमारत तीच. एका शब्दात ती गुन्हा होते, दुसऱ्या शब्दात नातवंडांची सोय. मी इतकी वर्षं फक्त एकच शब्द वाचला होता, कारण मी वाचत होतो ते छापणारे गावठाणात राहत नव्हते.

आता एक गोष्ट स्पष्ट करतो. काकांचं सगळं ऐकून मी त्यांच्याशी शंभर टक्के सहमत झालो, असं नाही. त्या गल्लीत आगीचा बंब शिरू शकत नाही, ही माझी काळजी आजही आहे. काही बांधकामं गरजेपोटी कमी आणि भाड्यापोटी जास्त आहेत, हे काकाही खासगीत मान्य करतात. पण आता मी बोलतो तेव्हा दोन्ही शब्द माहीत असलेला माणूस बोलतो. मत बदललं नाही तरी माणूस बदलू शकतो, तो असा.

'ते' म्हणजे कोण?

दुसरी गोष्ट 2018 ची, इथलीच. 25 जुलैला मराठा आरक्षणासाठी नवी मुंबई बंद होती. कोपरखैरण्यात दगडफेक झाली, गाड्या जळाल्या आणि हाणामारीला स्थानिक विरुद्ध बाहेरून आलेले असं वळण लागलं. एका तरुणाचा जीव गेला. मी खोलीत दार लावून बसलो होतो. फोनवर एकापाठोपाठ मेसेज येत होते, कुणी काय पेटवलं, कोण कुणाला शोधतंय. खरं-खोटं कळायला मार्ग नव्हता.

त्या रात्री माझ्या मनात पहिला विचार काय आला, सांगू? सुटकेचा. या वेळी आपलं नाव नाही. नंतर त्याची लाज वाटली. पण आला होता, हे खरं.

दुसरा विचार आला: हे तर दोन्हीकडचे हिंदू, मग हे एकमेकांत का भांडताहेत?

या प्रश्नातच माझं अज्ञान होतं. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा मित्र माथाडी कामगाराचा मुलगा. मूळचा साताऱ्याकडचा. घाऊक बाजार मुंबईतून वाशी-तुर्भ्याला हलले, तसे पाठीवर पोती वाहणारे हजारो माथाडी इथं आले. त्यांच्यासाठी अण्णासाहेब पाटलांनी संघटना उभी केली आणि 1969 चा माथाडी कायदा झाला. मित्राच्या वडिलांनी चाळीस वर्षं गोणी उचलल्या. त्याच्या दृष्टीनं त्याच्या बापानं घाम गाळून हे शहर उभं केलं आणि तरी त्याला इथं 'बाहेरचा' म्हणतात. काकांच्या मुलाच्या दृष्टीनं त्याच्या आज्याच्या शेतावर शहर उभं राहिलं आणि आता आलेले त्यालाच दम देतात. मी दोघांचंही वेगवेगळं ऐकलं. दोघांचंही दुखणं खरं होतं. आणि दोघांनाही दुसऱ्याचं दुखणं माहीतच नव्हतं, शेजारच्या सेक्टरमध्ये राहून!

माझ्या डोक्यात तोवर 'ते' नावाचा एक मोठा, एकसारखा गोळा होता. त्या आठवड्यात तो फुटला. आणि मग लक्षात आलं, आपल्याला एकच तक्रार सतत असते की लोक सगळ्या मुसलमानांना एका गोळ्यात धरतात. कोकणी, दखनी, बोहरा, मेमन, बागवान, अत्तार, पिंजारी, मोमीन, यांत कुणाला फरक दिसत नाही. तक्रार रास्त आहे. पण मी तरी काय वेगळं करत होतो?

पण आम्हीच का?

मी असं बोललो की एक प्रश्न हमखास येतो. आज समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या चेहऱ्यावर तो दिसतोय. "भाई, सगळ्यांना समजून घ्यायचा ठेका आपणच का घ्यायचा? सात फ्लॅट नाकारणाऱ्यांनी तुम्हाला समजून घेतलं का?"

नाही घेतलं. आणि हे अन्यायाचं आहे. ते गोड शब्दांत झाकायचं मला कारण नाही.

पण दुसऱ्याचं ऐकणं हे मी त्याच्यावर उपकार म्हणून करत नाही. 'चांगला मुसलमान' असं सर्टिफिकेट मिळावं म्हणून तर मुळीच नाही. ते मी माझ्यासाठी करतो, कारण ऐकलं नाही की मला चुकीचं दिसतं. आमच्या धंद्यात एक बदनाम वाक्य आहे. टेस्टरनं चूक दाखवली की नवखा प्रोग्रॅमर म्हणतो, "माझ्या मशीनवर तर चालतंय." चालत असेल. पण वापरणारे तुझ्या मशीनवर बसलेले नाहीत.

आणखी एक. प्रत्येक प्रश्नाला असरसारखी दोन बरोबर उत्तरं नसतात. दंगलीत दुकान जळलं की नाही, याला 'तुमचं मत, आमचं मत' नसतं. तिथं पुरावा बघायचा. माझ्या जगण्याचाच हक्क जो नाकारतो, त्याच्याशी मधला मार्ग काढायला मी बसणार नाही. तिथं संविधान आहे, कायदा आहे. पण तो असं का म्हणतो, हे मला नीट माहीत असलं पाहिजे. नाहीतर मी त्याला जे उत्तर देईन ते त्याला नसेल, माझ्या डोक्यातल्या बुजगावण्याला असेल.

आपल्या परंपरेत हे काम फार उंचीवर नेलेली माणसं आहेत. अल-बिरूनी घ्या. जन्म 973 चा, ख्वारज्मचा. महमूद गझनवीच्या काळात इथं आला, संस्कृत शिकला, पतंजलीचा योगसूत्रांचा ग्रंथ अरबीत नेला आणि 1030 च्या सुमारास हिंदुस्थानावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या प्रस्तावनेत तो सांगतो की हा वादाचा ग्रंथ नाही. हिंदूंचं म्हणणं ते जसं मांडतात तसं मी मांडणार आहे. गंमत म्हणजे हा ग्रंथ सुचला तो हिंदूंवरच्या चर्चेतून नाही. एका मुसलमान लेखकानं मुअतझिला या दुसऱ्या मुसलमान पंथाचं म्हणणं वाकडं करून लिहिलं होतं, अशी तक्रार निघाली, त्यावरून बोलणं हिंदुस्थानापर्यंत गेलं. आणि महमूदच्या स्वाऱ्यांनी इथली समृद्धी उद्ध्वस्त करून लोकांची मनं दुरावली, हेही त्यानं लिहून ठेवलंय.

दुसरे इमाम गझाली. तत्त्वज्ञांशी त्यांचा कडाक्याचा वाद. त्यांच्यावर टीका करणारा 'तहाफुत' तर प्रसिद्धच आहे. पण तत्त्वज्ञांचं नेमकं म्हणणं काय, हे सांगणारं वेगळं पुस्तकही त्यांनी लिहिलं, 'मकासिद अल-फलासिफा'. त्याचं लॅटिन भाषांतर युरोपात प्रस्तावनेशिवाय फिरलं आणि तिथले वाचक कितीतरी काळ समजत राहिले की गझाली स्वतःच त्या तत्त्वज्ञांपैकी एक आहेत! विरोधकाची बाजू इतकी नीट मांडली होती. आपल्यापैकी कुणाला हे जमेल? आपल्या विरोधकाची बाजू पाच मिनिटं अशी सांगा, की तो म्हणेल, "हो, मला हेच म्हणायचं होतं." मी काकांच्या मुलासमोर माथाडी मित्राची बाजू मांडून बघितली होती. दोन मिनिटांत अडखळलो. म्हणजे मी ऐकलं होतं, पण पुरतं नाही.

आतल्या खोलीतला आवाज

आता ती जड गोष्ट.

वेगळी नजर म्हटलं की आपण लांब बघतो: दुसरा धर्म, दुसरी जात, दुसरा देश. सगळ्यात जवळची वेगळी नजर आपल्याच घरात असते आणि तिला विचारायचं आपल्याला सुचत नाही.

मी चोवीस वर्षांचा होतो. माझी मोठी आपा सासरहून माहेरी आली होती. तिथं पटत नव्हतं. आमच्या गावच्या घरी बैठक बसली. दुलाभाई, त्यांचे दोन भाऊ, अब्बा, दोन मामू, जमातीतली दोन वडीलधारी माणसं. बैठक तीन तास चालली. तलाक द्यावा की न द्यावा, मेहेरचं काय, लोक काय म्हणतील, धाकट्या बहिणीच्या लग्नाचं काय. सगळे पोटतिडकीनं बोलत होते. कुणी वाईट माणूस नव्हतं. शेवटी ठरलं की तिनं परत जावं, दुलाभाईंनी नीट वागावं. दुआ झाली.

आपा स्वयंपाकघरात होती. पूर्ण वेळ. चहाचा ट्रे मी आणत होतो. दोनदा आत गेलो. दोनदा कप घेऊन बाहेर आलो.

ती परत गेली. सव्वा वर्षानं आली ती कायमची. खुला घेऊन, कडेवर मुलगी.

काही वर्षांपूर्वी ईदला गावी बसलो असताना मी तिला पहिल्यांदा विचारलं, "आपा, त्या दिवशी तुला काय हवं होतं?" ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तलाक नको होता मला. डी.एड.ची परीक्षा दोन महिन्यांवर होती. तेवढी इथं राहून द्यायची होती. तिकडे अभ्यास होऊ देत नव्हते. तुम्ही सगळे तीन तास भलत्याच गोष्टीवर भांडलात."

मग म्हणाली, "तू दोनदा आत आला होतास."

एवढंच. आरोप नव्हता तिच्या आवाजात. तेच जास्त लागलं.

आठ शहाणे पुरुष, तीन तास, आणि चर्चेचा विषयच चुकीचा. कारण जिच्याविषयी बोलणं चाललं होतं ती दहा पावलांवर असून खोलीत नव्हती. तिनं परीक्षा दिली असती तर संसार टिकला असता का, मला माहीत नाही. पण तिला ती परीक्षा पुढे चार वर्षांनी, लेकीला आईकडे ठेवून द्यावी लागली, हे माहीत आहे.

त्यानंतर मी 18 एप्रिल 1966 विषयी वाचलेलं पुन्हा काढून वाचलं. त्या दिवशी मुंबईत सात मुस्लिम बायका मोर्चा घेऊन सरकारदरबारी गेल्या. तोंडी तलाक बंद करा, अशी त्यांची मागणी होती. मोर्चा काढला होता हमीद दलवाईंनी, चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या, म्हणजे आमच्याच कोकणातल्या माणसानं. पुढे 22 मार्च 1970 ला त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. दलवाईंची सगळी मतं तुम्हाला पटतील असं नाही, मलाही सगळी पटत नाहीत. त्यांच्यावर तेव्हा लोक तुटून पडले होते. 'फक्त सात?' असं पूर्वी मलाही वाटायचं. आता वाटतं, किती बैठका झाल्या असतील त्याआधी, आणि त्या बायका प्रत्येक वेळी कुठल्या खोलीत असतील. मेहरुन्निसा दलवाईंचं 'मी भरून पावले आहे' हे आत्मचरित्र मिळालं तर वाचा. नवऱ्याची चळवळ आतल्या खोलीतून कशी दिसते आणि मग बाई बाहेर येऊन स्वतः कशी उभी राहते, ते त्यात आहे.

आता काय करायचं?

मी तुम्हाला यादी देणार नाही. दोन सवयी सांगतो, ज्या मी अजून स्वतःला लावतोय.

पहिली. कुठल्याही बैठकीत, मग ती जमातीची असो, सोसायटीची, कॉलेजची किंवा या अभ्यासवर्गाची, एकदा आजूबाजूला बघायचं आणि विचारायचं: ज्याच्याविषयी बोलतोय तो इथं आहे का? नसेल तर उठून आत जायचं. ट्रे हातात असला तरी.

दुसरी. महिन्यातून एकदा अशा एका माणसाबरोबर चहा प्यायचा, ज्याचा शब्द आणि माझा शब्द वेगळा आहे. वाद घालायला जायचं नाही. त्याची बाजू त्याला परत सांगायची आणि तो "हो, हेच" म्हणेपर्यंत सांगत राहायचं. त्यानंतर आपलं मत तेच राहिलं तरी चालेल. मी गेल्या वर्षी बारापैकी सात महिने हे पाळलं. पाच चुकले.

परवा आपाची मुलगी सुट्टीत माझ्याकडे आली होती. दहा वर्षांची आहे. दुपारी तिनं माझ्या फोनवर नमाजचं ॲप बघितलं आणि विचारलं, "मामू, असरला दोन वेळा का दाखवतंय? बरोबर कुठली?"

नानांसारखं 'दोन्ही' म्हणून मोकळं व्हावं, असं क्षणभर वाटलं. मग तिला घेऊन गच्चीवर गेलो. झाडूची काठी उभी धरली आणि तिला खडूनं सावली आखायला लावली. एक पट झाली तेव्हा तिनं रेघ ओढली. मग आम्ही तिथंच बसून राहिलो. ती शाळेतलं सांगत होती, मी ऐकत होतो. तासाभरानं दुसरी रेघ ओढली. मधल्या तासात काका गच्चीवर वाळत घातलेली सुकट काढायला आले. त्यांनी विचारलं, "काय चाललंय?" तिनं त्यांना सगळं समजावून सांगितलं, हनफी, शाफई, काठी, सावली. काकांनी नीट ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे घाई असेल त्यानं आधी, निवांत असेल त्यानं मागनं."

अगदी तसं नाही. पण बरंच जवळ आहे.

आता प्रश्न विचारा. आणि आज एक विनंती: पहिला प्रश्न मागच्या रांगेतल्या मुलींपैकी कुणीतरी विचारावा. मी थांबतो.